काजूखालची पंचवीस मिनिटं

सूर्यावरून निघालेला उजेड आठ मिनिटांत पोचतो. तिथून सुटलेल्या वाऱ्याला दोन-तीन दिवस लागतात.

—

आईच्या फोनमध्ये माझ्यासाठी शोधलेले चार मुलगे आहेत. त्यातला एक मर्चंट नेव्हीत आहे. "सहा महिने घरी नसतो," आई म्हणते. "हा गुण समज."

—

दुपारी दोन वाजता पावस गावाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, चपलेचा तळ मऊ होतो.

—

काशीरामभाऊंनी चुलतभावाला नावाने हाक मारणं सोडलं त्याला एकवीस वर्षं झाली. आता ते त्याला 'समोरची पार्टी' म्हणतात. गणपतीत एका पंगतीला बसले तरी.

—

फ्लोट. फ्लोट. फ्लोट. फ्लोट.

—

मी बत्तीस वर्षांची आहे आणि मला झोप हवी आहे.

—

हे सगळं एकाच दुपारचं. जानेवारीतली दुपार. मी संस्कृती, भूकरमापक. म्हणजे सरकारकडून जमिनी मोजते. काशीरामभाऊंच्या सड्यावरच्या जमिनीची मोजणी होती. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला समोरची पार्टी, मधे मी, हद्दीच्या खुणा रोवायची माझी लोखंडी पहार आणि माझा रोव्हर. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेली पांढरी थाळी. ती उपग्रहांना विचारते, मी कुठे आहे? खात्री पटली की पडद्यावर 'फिक्स' येतं. नाही पटली तर 'फ्लोट'. म्हणजे साधारण इथेच आहे, पण शपथ घेणार नाही.

चाळीस मिनिटं तो शपथ घेत नव्हता.

"मॅडम, तुमचा यंत्र आज काय बोलत नाय," काशीरामभाऊ म्हणाले.

"बोलेल."

"समोरच्या पार्टीनं काय केलान नाय ना?"

तेवढ्यात काजूच्या झाडापलीकडच्या लाकडी खोपटातून एक माणूस आला. कमरेला पट्ट्याऐवजी नाडी, पायात रबरी चपला, डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं.

"ती पहार जरा लांब ठेवाल का?" तो मला म्हणाला. "आणि… तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. चार वाजेपर्यंत थांबा. सूर्य जोरात आहे सध्या. त्यानं वरची हवा तापवलीय, उपग्रहाचा निरोप तिच्यातून येताना वाकतो."

काशीरामभाऊंनी वर बघितलं, मग चुलतभावाकडे.

"म्हंजे सूर्यपन समोरच्या पार्टीचा?"

मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी… आणि नको तिथे. मोजणीत कुणाच्या बाजूने हसायचं नसतं.

चार वाजून दहा मिनिटांनी फिक्स आलं.

—

त्याचं नाव दर्शन चाळके. अलोऱ्याचा, कोयना वसाहतीत वाढलेला. काशीरामभाऊंनी भाड्याने दिलेल्या चार गुंठ्यांत त्याचं केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक खोपट, एक बॅटरी आणि पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारं, नारळाएवढं एक यंत्र. खोपटाला खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या. भोवती सुंभाची दोरी. दोरीच्या आत लोखंड न्यायचं नाही. दोरीबाहेर एक ॲल्युमिनियमचा डबा ठेवलेला, त्यात किल्ल्या, नाणी, घड्याळं काढून ठेवायची.

"पण हा कातळच लोखंडाचा आहे," मी विचारलं. "लाल कशानं झाला मग?"

"तो हलत नाही ना. जे जागचं हलत नाही त्याचा यंत्राला त्रास नसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याचाच असतो."

"मी येणारी-जाणारी आहे."

"हो…" तो म्हणाला, आणि केसांतल्या पिनांसाठी डबा पुढे केला.

सात पिना निघाल्या. दोन सेफ्टी पिना बांगडीतल्या. तो मोजत होता.

"नऊ," तो म्हणाला. "परत जाताना मोजून घ्या."

—

पुढचे दोन महिने माझी मोजणी पावसच्या आसपासच होती. रोज सकाळी कामावर जाताना मी सड्यावर वळायचे. काजूखाली स्कूटर लावायची, सावली तेवढीच. उपग्रह सापडायला वेळ लागतो, म्हणून रोव्हर तिथेच चालू करून ठेवायचा. पिना डब्यात. मग खोपटाच्या पायरीवर बसून त्याच्या थर्मासमधला चहा, जो सकाळी सहाला केलेला आणि नऊपर्यंत थकलेला असायचा.

"आज कसं आहे?"

"अकरापर्यंत आटपा. मग तीनपर्यंत हट्ट करू नका."

"फोनवर सांगता आलं असतं हे."

"मग फोन का नाही करत?"

"इथे रेंज नाही."

"बरं," तो म्हणायचा.

एवढंच. कधी कधी एवढंही नाही. मी दिवसभर माणसांची भांडणं ऐकते. अर्ध्या फुटाची, फणसाच्या एका फांदीची, मेलेल्या आजोबांनी काय कबूल केलं होतं त्याची. तो दिवसभर एक रेघ बघतो. आम्हा दोघांनाही बोलायचा कंटाळा होता. तो कंटाळा शेजारी शेजारी बसला की बरा वाटायचा.

एकदा मी पायरीवर बसल्या बसल्या झोपले. जागी झाले तर डोक्यावर त्याची छत्री. दांडा बांबूचा, काड्या फायबरच्या.

"किती वेळ?"

"सहा मिनिटं."

"उठवलं का नाही?"

"छत्री धरली होती…" तो म्हणाला, जणू माणसाला दोन कामं एकदम करता येत नाहीत.

—

मार्चमधला एक बुधवार. मी नुकतीच येऊन बसले होते. पडद्यावरची रेघ एकदम वर उडाली आणि तिथेच थरथरत राहिली. त्याने कप खाली ठेवला.

"आलं," तो म्हणाला.

"काय?"

"वादळ. सोमवारी सूर्यावरून सुटलं होतं. आत्ता पृथ्वीवर आपटलं. या मिनिटाला जगातल्या प्रत्येक केंद्रावर अशीच रेघ उडालीय." तो माझ्याकडे बघून हसला. मग पुन्हा पडद्याकडे बघितलं, आणि ते हसू हळूहळू कुठेतरी गेलं.

"काय झालं?"

"काही नाही. चहा घ्या."

—

दोन दिवसांनी, शुक्रवारी:

"उद्यापासून येऊ नका."

मी पिना काढत होते. चौथी हातात होती.

"बरं," मी म्हटलं. चार पिना पुन्हा केसांत घातल्या. स्कूटरपर्यंत गेले. किल्ली लावली. मग किल्ली काढली, परत आले, नऊच्या नऊ पिना डब्यात टाकल्या.

"कारण सांगा. बाकी मी ऐकून घेते. कारण न सांगता मी शेळीसुद्धा कुणाच्या हद्दीबाहेर काढत नाही."

त्याने फोन पुढे केला. मुंबईच्या सरांची मेल होती. दोन महिने तुमच्या नोंदीत रोज सकाळी पंचवीस मिनिटं कोरी आहेत. बुधवारी वादळाची सुरुवात नेमकी त्या पंचवीस मिनिटांत आली आणि तुमची नोंद वाचता येत नाही. यंत्र बिघडलं असल्यास परत पाठवा, केंद्र बंद करू. कारण सोमवारपर्यंत कळवा.

"कोरी का?" मी विचारलं.

त्याने पडद्यावर जानेवारीतला एक दिवस काढला. सरळ रेघ. मग नऊ-सोळाला एक पायरी, वर. पंचवीस मिनिटं सपाट. मग पायरी, खाली.

"ही तुमची स्कूटर."

मी त्या पायरीकडे बघत राहिले. माझा इतका नीट आलेख कुणी काढला नव्हता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"आणि?"

"रोज संध्याकाळी मुंबईला पाठवायच्या नोंदीतून तेवढा भाग पुसत होतो."

"लांब लावा म्हणायचं."

त्याने पडद्यावर बुधवार काढला. मग म्हणाला, "बुधवारी तुमची पायरी आणि वादळाची पायरी एकावर एक बसल्या. केंद्र लावलं ते त्या एका पायरीसाठी. यंत्र बिघडलं म्हटलं तर यंत्र जातं, मीही जातो. खरं सांगितलं तर यंत्र राहील. माझं सांगता येत नाही… कंत्राट एकतीस मार्चपर्यंत आहे."

मला राग यायला हवा होता. दमलेल्या माणसाला रागही उशिरा येतो. त्याआधी मला एक गोष्ट सुचली.

"स्कूटर नेमकी कुठे आणि कधी उभी होती ते कळलं तर ती वजा करता येईल?"

"सेकंदाला कळायला हवं."

"माझ्या रोव्हरमध्ये आहे," मी म्हटलं. "स्कूटर लावली की मी तो चालू करते. वेळ उपग्रहाची, जागा दोन सेंटिमीटरच्या आत. दोन महिन्यांची."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्ही रोज जवळजवळ एकाच जागी लावता," तो म्हणाला. "मला वाटायचं… सवय असेल."

—

रविवार. आकाश शांत, सूर्य शांत, आम्ही नाही. रोव्हरने बुधवारची जागा शोधली, चुन्याने खूण केली, रोव्हर लांब नेऊन ठेवला. मग मी स्कूटर ढकलत खुणेवर आणायची, दोन मिनिटं थांबायचं, परत ढकलत बांधापलीकडे न्यायची. दहा वेळा. तो आत रेघ बघत ओरडत होता, "आली… थांबा… न्या." काशीरामभाऊ बांधावर बसून कोकम सरबत पीत होते.

"मॅडम, हेचो पगार मिळतो काय तुमाला?"

"नाही."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले.

अकराव्या वेळी तो म्हणाला, "आता स्कूटर नको. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

मी खुणेवर उभी राहिले. केस सुटलेले, घाम कानामागून उतरत होता. दोन मिनिटं फार मोठी असतात.

"किती?" मी विचारलं.

"शून्य. यंत्रावर तुमचा काहीच परिणाम नाही."

"आणि यंत्र सोडून?"



—

वजाबाकी झाली. स्कूटरच्या पायरीखालून वादळाची पायरी निघाली, उभी, स्वच्छ, नऊ वाजून अठरा मिनिटांची. उरलं फक्त कारण. त्याच्या अहवालात तो रकाना रिकामा होता. तो तासभर त्याच्यासमोर बसला.

"द्या इकडे," मी म्हटलं. "मी जबाब घेते. मोजणीनंतर घेतो तसा. मी विचारणार, तुम्ही सांगणार, मी जसंच्या तसं लिहिणार. खाडाखोड चालत नाही."

"आणि चुकून काही बोललो तर?"

"तर तेही राहतं."

काशीरामभाऊ न बोलावता पंच म्हणून येऊन बसले. त्यांना अनुभव होता.

*जबाब*

*मी, दर्शन हरिश्चंद्र चाळके, वय ३४, धंदा संशोधन (कंत्राटी), मूळ राहणार अलोरे, सध्या राहणार पावस, समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की,*

*केंद्रापासून पंधरा मीटरवर काजूखाली रोज सकाळी एक स्कूटर उभी असे. ती मोजणीच्या मॅडमची होती. तिचा यंत्रावर परिणाम होतो हे मला तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं.*

*विचारल्यावरून सांगतो की, स्कूटर दुसरीकडे लावण्यास मी सांगितलं नाही.*

"का?" मी विचारलं. पेन कागदावर होतं.

"सावली तिथेच होती."

मी लिहिलं. "अजून काही?"

"दुसरीकडे लावली असती तर बांधापासून उन्हात चालत यावं लागलं असतं. मग…" तो थांबला. "मग त्या रोज आल्या नसत्या."

मी वर बघितलं.

"हे लिहू?"

"खोडता येत नाही म्हणालात ना."

"अजून लिहिलेलं नाही."

त्याने काजूकडे बघितलं. "लिही," तो म्हणाला.

मी लिहिलं. तो 'लिहा' म्हणाला नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

*त्या येत असलेली पंचवीस मिनिटं मला दिवसभर पुरत. ती रोज पुसावी लागत याचं वाईट वाटे. जबाब वाचून पाहिला, बरोबर आहे.*

त्याने सही केली. काशीरामभाऊंनी सही केली, मग कागद माझ्याकडे सरकवला.

"आता तुमचा."

"माझा कशाला?"

"दोनी बाजूंचा घ्यावा लागतो. गेल्या टायमाला तुमीच सांगलात. एकाच पार्टीचा घेतला तर मोजनी रद्द होते."

पेन दर्शनने घेतलं. मी बोलले, त्याने लिहिलं. एकच ओळ झाली.

*सड्यावर रेंज होती.*

"माहीत होतं," तो म्हणाला. "तुझा रोव्हर मोबाइलच्या सिमवर चालतो."

"मग बोलला का नाहीस?"

"छत्री धरली होती."

काशीरामभाऊंना यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी साक्षीदाराच्या जागी सही केली. "कुनाची हरकत?" त्यांनी विचारलं. कुणाची नव्हती.

—

दोन्ही जबाब सोमवारी मुंबईला गेले. गुरुवारी चार ओळींची मेल आली. नोंद मिळाली, वादळाची सुरुवात आता वाचता येते. कारणाची भाषा आमच्या कार्यालयात चालणारी नाही, पण समजली. वाहन दोनशे मीटर लांब उभं करावं. कंत्राट पुढच्या मार्चपर्यंत.

त्याने मला ती वाचून दाखवली. कुणी उडी मारली नाही. मी त्याच्या खांद्याला डोकं टेकलं आणि आम्ही तसेच पायरीवर बसून राहिलो, दोन माणसं, ज्यांना एक वर्ष मिळालं होतं आणि आधी थोडं झोपायचं होतं.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, चौघांना नकार कळव.

"का? पाचवा कुठला आहे?"

"अलोऱ्याचा."

"करतो काय?"

"सूर्यावर लक्ष ठेवतो."

"पेन्शन आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग घरी तरी असेल," ती म्हणाली.

—

१० मे २०२४ रोजी वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं सौर वादळ पृथ्वीवर आदळलं आणि लडाखचं आकाश लाल झालं. आमची भेट व्हायला तेव्हा आठ महिने होते, मी चिपळूणला होते, तो वीस किलोमीटरवर अलोऱ्याला, आणि दोघंही दिवसभराच्या कामाने दमून जेवल्या जेवल्या झोपलो होतो.