दातओठ खाणारी पेशंट

सुट्ट्यांत लोक गोडधोड खातात आणि दात धरून डॉक्टरकडे येतात. ही मुलगी मात्र दात आवळूनच आली.

"आ करा."

"एवढाच होतो..." ती दातांतल्या दातांत म्हणाली.

तरुण डॉक्टरनं वाकून पाहिलं. दात ठणठणीत, पण जबडा पार आखडलेला. "कोणावर एवढे दातओठ खाताय?"

तिनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की बिचाऱ्याच्या हातातला आरसाच निसटला. आता विचारल्याशिवाय त्याला कसलं राहवतंय!

मग कळलं. बाई शाळेत शिकवायच्या, अख्खा वर्ग चिडीचूप करायच्या. पण सुट्टी लागली, घर पाहुण्यांनी भरलं, सगळ्यांची उठबस हिच्या गळ्यात. वर आत्यानं स्थळ आणलेलं. रविवारी जेवताना सगळ्यांसमोर पक्कं करायचं होतं.

"मुलगा वाईट नाही हो. पण मला नको... आणि आत्यापुढे माझी दातखिळीच बसते."

"मग इथे बोलून बघा. मी आत्या!" त्यानं पेशंटच्या गळ्याशी बांधायचा रुमाल डोक्यावर घेतला, आवाज बारीक केला. "काय गं, पसंत आहे ना मुलगा?"

ती खुदकन हसली. मग हसता हसता डोळे भरून आले. "नाही, आत्या. मला हे लग्न नाही करायचं!"

एवढ्या मोठ्यानं, की बाहेर गाल धरून बसलेले आजोबा म्हणाले, "नको तर नको, बाई!"

रविवारी डॉक्टरचं जेवणात लक्ष लागेना. बोलली असेल? की गपचूप मान डोलावली असेल? आपल्याला काय करायचंय, असं त्यानं मनाला दटावलं. मन कुठलं ऐकतंय!

सोमवारी ती आली आणि खुर्चीत बसून भलामोठा आ केला.

"बोललात?"

"बोलले! आत्या फुगून बसलीय. आई मात्र हळूच म्हणाली, बरं केलंस."

त्याला इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यानं मास्क वर ओढला. मग घसा खाकरला. "यापुढे माझ्याकडे येऊ नका. समोरच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत."

तिचा चेहरा उतरला. "का? माझं काही चुकलं?"

"छे! पण... पेशंटला — फिरायला चला, असं म्हणता येत नाही."

ती बघतच राहिली. मग पर्स उचलली आणि तडक निघून गेली. डॉक्टरनं कपाळावर हात मारून घेतला. कशाला बोललो!

थोड्या वेळानं दार ढकलून ती धापा टाकत आत आली.

"समोर नाव नोंदवून आले. आता मी त्यांची पेशंट." गालातल्या गालात हसत ती म्हणाली, "हं, बोला आता... काय म्हणत होतात?"