अंबाजीकाकांचं आतडं

अलिबागच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी सात वर्षं सीटी स्कॅनचं मशीन चालवतेय. माणसाच्या आतलं बघायची मला कधी किळस वाटली नाही. निदान त्या दुपारपर्यंत तरी.

गेल्या वैशाखातली गोष्ट. तळा तालुक्यातल्या एका गावातून अंबाजीकाका आले, बरोबर बायको ठमाबाई. काकांना त्रास काहीच नव्हता. पण थोरला भाऊ अनंता आतड्याच्या कॅन्सरने गेलेला, म्हणून तपासणी. दुर्बिणीची लांब नळी आत घालून घ्यायला काका तयार नव्हते. अशांसाठी आमच्याकडे वेगळी सोय आहे. आदल्या दिवशी जुलाब घेऊन आतडं रिकामं करायचं, मागच्या बाजूने छोट्या नळीने ते वायूने फुगवायचं, मग एकदा उताणं आणि एकदा पालथं झोपवून फोटो काढायचे. त्या फोटोंवरून कॉम्प्युटर आतड्याचा बोगदा उभा करतो, आणि पडद्यावर आपण त्यातून चालत जातो.

"दुखल काय गो बाय?"

"पोट फुगल्यासारखं वाटेल, काका. दहाच मिनिटं."

मी नळीतून वायू आत सोडला आणि वास आला. या कामात वास नवे नाहीत. पण हा विष्ठेचा नव्हता. झाकून विसरलेल्या कालवणासारखा आंबूस, आणि त्यात काहीतरी गोड. तो गोडवा माझ्या जिभेवर बसला.

पालथे होताना काका हळूच म्हणाले, "अनंता म्हनायचा... आत कोनतरी कूस बदलतंय."

फोटो झाले. काका बाहेर बाकावर बसले. आमचे डॉक्टर, विनेशसर, माझ्या शेजारी येऊन पडदा बघू लागले. गुलाबी बोगदा, वळ्यांमागून वळ्या. मोठं आतडं जिथे सुरू होतं, तिथे ते दिसलं. छताला चिकटलेलं, सोललेल्या कोळंबीसारखं आखडलेलं.

"घाण राहिली असेल," मी म्हटलं.

"घाण खाली पडते, मानसी. छताला राहत नाही."

त्यांनी पालथे फोटो लावले. गाठ असती, तर ती आपल्या भिंतीवरच राहिली असती, म्हणजे आता तळाला दिसली असती. ते पुन्हा छतालाच होतं. म्हणजे समोरच्या भिंतीवर सरकलं होतं.

पडद्यावरच्या बोगद्यात सर मागे आले, परत पुढे गेले. तेच फोटो, साठवलेले. पण आता ते उलगडलं होतं. त्याचं एक टोक आमच्याकडे वळलं होतं आणि त्यात हिरड्या होत्या. दात नव्हते... नुसत्या ओल्या हिरड्या, तान्ह्या बाळाच्या असतात तशा. त्या उघडल्या.

आत कॅमेरा गेलाच नव्हता. मग ते तोंड उघडलं कुणासाठी?

"बंद कर..." सर कुजबुजले.

मी बेसिनशी धावले. ओकले तरी जिभेवरचा गोडवा जाईना.

सरांनी काकांना एवढंच सांगितलं, आत काहीतरी आहे, मुंबईला जाऊन दुर्बीण करावीच लागेल. काका मान हलवू लागले. तेव्हा ठमाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"भाऊजी असंच न्हाय न्हाय म्हनत गेले. मला न्हाय म्हनू नका."

काका गेले मुंबईला. आठ दिवसांनी तिथल्या डॉक्टरांचा सरांना फोन आला. ऐकता ऐकता सर मला सांगत होते. आतडं स्वच्छ, कॅन्सर नाही, गाठही नाही. मी हुश्श केलं, तर सरांचा चेहरा उतरत चाललेला.

"ऑपरेशन?" ते फोनवर म्हणाले. "नाही हो. त्यांच्या पोटावर साधा ओरखडाही नाही."

तिकडून दुर्बिणीचा फोटो आला. नेमकी तीच जागा. इंचभर चीर आणि तिच्यावर पाच टाके, गोधडीला घालतात तसे बारीक, एकमेकांना खेटून. ताजे. कडेचं मांस अजून लाल.

मी फोटो मोठा करून दोऱ्याची गाठ शोधत राहिले. ती आतड्यात नव्हतीच. शेवटच्या टाक्याचा दोरा भिंतीतून पलीकडे गेला होता, आणि पलीकडून कुणीतरी तो ओढून घट्ट बांधला होता.