राखीव पिंपातलं पाणी

कासारतळ शहराच्या जलनियंत्रण कक्षात सकाळी सात वाजता पेशीचाचणीच्या नळ्या काळ्या पडल्या, तेव्हा डॉ. चारुशीला टिपणीस चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. घाबरल्या मात्र नाहीत. या दिवसासाठीच तर त्यांनी सहा वर्षं योजना आखली होती.

धरणातल्या नव्या शेवाळाचं विष गाळून जात नसे, उकळूनही जात नसे. ते ओळखायचं तर नळीतल्या जिवंत पेशींना पाणी पाजायचं आणि त्या मरून नळी काळी पडते का ते बघत बसायचं.

“किती वेळ?” आयुक्त ठोंबरेंनी विचारलं. मूळचे इंजिनिअर, महिन्यापूर्वीच बदलून आलेले.

“वीस तास. घाई केली तर काहीच कळत नाही.”

“म्हणजे लोक काल हेच पाणी प्यायले. वरातीमागून घोडं!”

“एक दिवसाचं विष निरोगी शरीर सोसतं, सर. तीन दिवस गेलं तर मूत्रपिंडं जातात. आणि नळ धुऊन निघायला तीनच दिवस लागतात. म्हणून घरोघरी साठ लिटरचं राखीव पिंप दिलंय. आतून चांदीचा मुलामा आहे, पाणी महिनाभर टिकतं. एक तारखेला तपासलेल्या पाण्यानं भरायचं आणि हात लावायचा नाही. इशारा एक दिवस उशिरा येणार, तर राखीव पाणी त्याहून जुनं हवं.”

“झाकणाला सील?”

“नाही. सील असलं की माणसं ऐनवेळी फोडायला कचरतात.”

भिंतीवरच्या पडद्यावर पिंपांच्या पातळीमापकांचा आकडा होता : सत्त्याण्णव टक्के पिंपं भरलेली. बाईंनी समाधानानं संदेश पाठवला : नळ बंद, फक्त पिंपातलं पाणी प्या.

ठोंबरे पडद्याशी चाळा करत होते. त्यांनी दिवसाऐवजी तासांचा आलेख लावला. “मॅडम, रोज साडेपाचला पिंपं रिकामी होतात आणि सहाला पुन्हा भरतात. हे काय?”

बाई रोज फक्त सातचा आकडा बघत. त्यांनी घरी फोन लावला. सासरे, अण्णा, ऐंशीचे होते आणि एकाच मूत्रपिंडावर जगत होते. त्यांना कालचंच पाणी जड जाणार होतं.

“अण्णा, पिंपातलं पाणी कधीचं आहे?”

“आजचं! शिळं पाणी कोण ठेवतं घरात? रोज पहाटे पिंप घासतो, ताजं भरतो. अगं, आख्खी गल्ली तेच करते. उगाच का तू आम्हाला आदर्श गल्लीचं बक्षीस दिलंस? आत्ताच तुझा संदेश आला, पेला भरलाय बघ.”

“ओतून टाका! ऐकताय ना? थेंबही घेऊ नका.”

त्यांनी पहिला संदेश मागे घेतला. शहरानं त्यांचं ऐकलं नव्हतं असं नाही, फार मनापासून ऐकलं होतं. पिंपांच्या स्वच्छतेची तपासणी त्यांनीच सुरू केली, बक्षिसं त्यांनीच वाटली. लाज वाटली आणि भीतीही.

“जुनं पाणी कुणाकडेच नसेल?” ठोंबरेंनी विचारलं.

बाईंनी एक यादी उघडली. अस्वच्छ पिंपांबद्दल नोटिसा दिलेली दोन हजार एकशे बारा घरं. शेरे त्यांच्याच हाताखालच्या तपासनिसांचे : झाकणावर धूळ. महिनाभर हात लावलेला नाही.

“यांच्याकडे टँकर पाठवून पिंपांतलं पाणी गोळा करा. आधी रुग्णालयांना द्या, मग लहान मुलांना.”

यादीत अण्णांच्या मागच्या गल्लीतले भास्कर धुमेही होते. बक्षीस समारंभात बाईंनी सर्वांत घाणेरडं पिंप म्हणून त्यांचं नाव माईकवरून वाचलं होतं, आणि लोक हसले होते.

आठ वाजता कळशी घेऊन त्या धुमेंच्या दारात उभ्या राहिल्या. धुमेंनी दार उघडलं आणि ते ओशाळले.

“मॅडम, तपासणी? आज घासणारच होतो हो.”

“नको, धुमे. पाणी मागायला आलेय. अण्णांसाठी.”

धुमेंनी धुळकट झाकणाकडे पाहिलं, मग कळशीकडे.

“देतो की,” ते संकोचून म्हणाले, “पण म्हाताऱ्या माणसाला एवढं शिळं कसं द्यायचं? थांबा, शेजारून ताजं आणून देतो.”