देवघरातलं मीठ

“मिठाला मुंग्या? अय्यो, कधी ऐकलंय का!” पद्मावती एवढ्या जोरात ओरडली, की जयवंतानं तिचं तोंडच दाबलं.

दिवाळीची सुट्टी लागली होती. हैदराबादच्या बेगम बाजारातले किराणा व्यापारी हणमंतराव यांची मुलगी जयवंता आणि मुलगा सूर्यभान, आणि शेजारची पद्मावती, अशी तिघं देवघराच्या उंबऱ्यावर ओणवी झाली होती. मुंग्यांची रांग थेट चौरंगामागच्या पोत्यांकडे चालली होती!

“बाबा म्हणाले, मीठ आहे,” सूर्यभान कुजबुजला. “आईचं व्रत चालू आहे, कुणी शिवायचं नाही!”

बाजारातून साखर गायब होती. हैदराबाद राज्याची वाटणी होणार, कारखाना एकीकडे आणि ऊस दुसरीकडे जाणार, अशी बोलवा उठली आणि भाव रोज चढू लागला. मलकपेठच्या भागूबाईंची बत्ताशांची कढई थंड पडली. वर्षाची कमाई याच दिवसांतली! त्यांच्यासाठी जयवंताच्या आईनं, सुशीलाबाईंनी, गोड सोडलं होतं. रोज सकाळी याच चौरंगापुढे निरांजन लावून त्या म्हणत, “देवा, भागूबाईंची चूल पेटू दे.”

जयवंतानं पोत्याच्या शिवणीतून एक कण काढून जिभेवर ठेवला. तिचा चेहरा पडला.

“साखर?” पद्मावतीनं विचारलं.

“हो. आई रोज साखरेपुढेच साखर मागते गं!”

“आईला सांगू या,” सूर्यभान म्हणाला.

“नको. बाबांनीच सांगायला हवं. मला मूठभर काढू दे!”

दुपारी बाजारातले दुसरे व्यापारी केशवराव जेवायला होते. आमटी जयवंतानं केली होती. त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि हात तसाच राहिला. “हणमंतराव, आमटी आहे की खीर?”

“जयवंता! काय घातलंस यात?”

“मीठच, बाबा.” जयवंता म्हणाली. “देवघरातलं.”

सुशीलाबाई वाढता वाढता थांबल्या. हळूच म्हणाल्या, “अहो, मी इतके दिवस कशापुढे दिवा लावत होते?”

हणमंतरावांची मान खाली गेली. “भाव आणखी चढला की...”

केशवरावांनी पाट सरकवला. “निघतो. माझ्याही कोठारात... थोडं मीठ आहे.”

संध्याकाळी पोत्यांची हातगाडी आणि तिच्यामागे मुलं मलकपेठला पोचली. हणमंतरावांनी जुनाच भाव लावला.

“हौ मालक, देवमाणूस तुम्ही!” भागूबाईंचे डोळे भरून आले.

“नका म्हणू तसं. साखर माझ्याच घरात दडवली होती. पोरांनी शोधली.”

भागूबाईंनी चूल पेटवली आणि कढईत साखर ओतून पाक ढवळला. मग पहिले बत्तासे मुलांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, “शाबास रे बेटा!”

सूर्यभान आणि पद्मावतीनं आपापले मटकावले. जयवंतानं आपला खाल्ला नाही. सगळी वाट ती बत्तासा मुठीत धरून घरी आली.

आईनं तो देवापुढे ठेवला, मग मोडला. व्रत सोडत अर्धा आपल्या तोंडात घातला आणि अर्धा बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो तुकडा आधी कपाळाला लावला, मग तोंडात घातला.