थोपटण्याचा आवाज

गावाचं नाव सांगणार नाही, आणि त्या घरातल्या बाईंचं नाव बदललंय. बाकी यात माझ्या पदरचं काही नाही.

अलकामावशी माझ्या आईची सख्खी बहीण. इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून तिची उभी हयात गेली. माणसं जाताना तिनं हात धरलेत त्यांचे. भुताखेताला भिणारी बाई नाही ती.

पण ही गोष्ट सांगताना ती आधी उठून खोलीचं दार लावून घेते.

२००६ चा नोव्हेंबर. शनिवार दुपार.

मावशीचे यजमान, आमचे चंद्रशेखरकाका, नुकतेच रिटायर झाले होते. घरात बसून करायचं काय? तर त्यांनी फॅमिली ट्रीचं वेड घेतलं. आणि त्या वेडाच्या मुळाशी एकच बाई होती.

काकांच्या आजोबांची आत्या. भागीरथी. हर्णैची.

लहानपणीच विधवा झाली. दापोलीला राहणाऱ्या एका साहेबानं तिला तान्हं पोर सांभाळायला आया म्हणून ठेवली. पुढं साहेब विलायतेला निघाला, तेव्हा तिलाही बरोबर नेलं. "बाबा मोठा झाला की हिला परत पाठवतो," असं घरच्यांना सांगून गेला. साहेबाच्या पोराला तेव्हा सगळे 'बाबा'च म्हणायचे.

भागीरथी परत आली नाही.

हर्णैच्या बंदराला बोट लागली की घरातलं कुणीतरी धावत बघून यायचं. अशी वर्षं गेली. मग बघणारेही गेले.

साहेबाचं नाव मात्र घरात सगळ्यांना पाठ होतं. त्यावरून काकांनी लायब्ररीत बसून त्याचं गाव हुडकलं. श्रॉपशरमधलं एक खेडं. आणि नवल म्हणजे, साहेबाचं घर अजून उभं होतं. तिथं राहणाऱ्या मिसेस हार्डिंगना काकांनी फोन केला. बाई मोठ्या उत्साहानं म्हणाल्या, "या ना चहाला!"

वैभवी, मावशीची मुलगी, मँचेस्टरहून वीकेंडला घरी आली होती. तीही निघाली. वैभवीचा जन्म तिकडचाच. तिचं मराठी ऐकून आम्ही हसून लोटपोट व्हायचो. गाडीतून उतरताना ती म्हणाली, "आई, हा गाव किती छोटी आहे!"

आधी ते चर्चच्या आवारात गेले. वाटलं, भागीरथीची काही खूण सापडेल.

नाही सापडली.

सापडला तो एक छोटासा दगड. शेवाळ धरलेला. काकांनी हातानं पुसून वाचला. साहेबाचा मुलगा. विलायतेला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात गेलेला. तीन वर्षांचाही नव्हता.

काका तिथंच उकिडवे बसले.

"म्हणजे बाबा मोठा झालाच नाही गं," ते मावशीला म्हणाले.

मिसेस हार्डिंगच्या घरी पोहोचले तेव्हा चार वाजत आले होते. नोव्हेंबरात तिकडे तेवढ्यातच अंधारून येतं. बाई गप्पिष्ट होत्या. किचनमध्ये चहा झाला, केक कापला. काका भागीरथीची गोष्ट सांगत होते. वैभवी टॉयलेटला म्हणून वर गेली.

आणि मावशीच्या कानावर काहीतरी आलं...

थप... थप... थप...

वरून येत होता आवाज. मऊ. संथ.

"पाइप्स," मिसेस हार्डिंग हसून म्हणाल्या. "ओल्ड हाउस, यू नो. पहिली काही वर्षं ऐकू यायचं, आता लक्षही जात नाही."

मावशीनं मान डोलावली. पण तिनं वर्षानुवर्षं लहान पोरांच्या वॉर्डात काम केलेलं. हा आवाज पाइपचा नव्हता.

पोराच्या पाठीवर तळहात पडला की असा आवाज होतो.

थप... थप... थप...

कुणीतरी मूल थोपटत होतं.

चहा गार झाला तरी वैभवी खाली येईना. मावशी उठली. जिन्याशी जाऊन तिनं हाक मारली. उत्तर नाही. आवाज मात्र आता जास्त स्पष्ट होता.

ती वर गेली. टॉयलेट रिकामं. शेवटच्या खोलीचं दार उघडं... आत दिवा नाही.

वैभवी जमिनीवर मांडी घालून बसली होती. दाराकडे पाठ. उजवा हात खालीवर होत होता.

मावशीनं जवळ जाऊन पाहिलं.

वैभवीचा हात जमिनीला लागत नव्हता. वीतभर वरच थांबत होता. हवेत.

आणि तरी आवाज येत होता.

थप...

"वैभवी?"

वैभवीनं मान वळवली. ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला हो बाई. बाबा आत्ताच निजलाय."

आवाज वैभवीचाच. पण बोली तिची नव्हती. 'निजणं' हा शब्द त्या पोरीनं जन्मात उच्चारलेला नव्हता. आणि समोर आपली आई उभी आहे, याची डोळ्यांत ओळखच नव्हती.

मागून काका आले. वैभवी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. खूप वेळ.

"तुम्ही हर्णैकडचे का हो?"

काका एक पाऊल पुढं आले.

"मला न्यायला आलात?"

मावशीनं त्यांचं मनगट गच्च धरलं. "अहो, बोलू नका. एक शब्द बोलू नका तुम्ही!"

पण काकांचे डोळे भरून आले होते. लहानपणापासून ज्या बाईची वाट बघितल्याच्या गोष्टी ऐकल्या, ती विचारत होती.

"हो आत्याबाई," ते म्हणाले. "तुम्हालाच न्यायला आलोय."

हात थांबला.

आवाज थांबला.

वैभवीनं खाली बघितलं. त्या रिकाम्या जागेकडे.

"आणि बाबा?"

काकांनी एकदा मावशीकडे पाहिलं. "त्याला... त्याची माणसं बघतील," ते कसंबसं म्हणाले.

वैभवी एका कुशीवर कलंडली. मावशीनं तिला कवेत घेऊन गदागदा हलवलं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले.

"आई, काय झाली? माझी हात खूप दुखते."

ते मोडकं मराठी ऐकून मावशी ओक्साबोक्शी रडली.

खाली मिसेस हार्डिंग जिन्याचा कठडा धरून उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"इट्स स्टॉप्ड," त्या म्हणाल्या. "आम्ही राहायला आल्यापासून हे कधीच थांबलं नव्हतं."

काकांनी वर काय झालं ते त्यांना दोन शब्दांत सांगितलं, आणि ते तिघं लगेच निघाले. गाडी गावाबाहेर पडली. मावशीनं मागं वळून पाहिलं. वैभवी अगदी दाराला चिकटून, अंग चोरून बसली होती.

"अगं, नीट सरकून बस की."

"जागा नाही ए, आई."

वैभवी पेंगत होती. आपण काय बोललो हे तिला कळलंही नसावं. मावशीनं कॉव्हेंट्री येईपर्यंत पुन्हा मागं पाहिलं नाही.

त्यानंतर घरात काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. पण घरात आणखी एक माणूस आहे, असं सतत वाटायचं. किचनमध्ये, जिन्यावर... कुणीतरी बाजूला सरून वाट देतंय असं.

डिसेंबरात काका एकटे हर्णैला गेले. बंदरावर उभं राहून नारळ सोडला, हात जोडले. "आलं बघा घर, आत्याबाई," म्हणाले. त्याच दिवशी इकडे कॉव्हेंट्रीत मावशीला घर एकदम हलकं वाटलं. तिनं देवापुढं साखर ठेवली. शंभर वर्षं अडकलेला जीव सुटला. पुण्याचं काम झालं म्हणायचं.

फेब्रुवारीत फोन वाजला.

मिसेस हार्डिंग.

आवाज ओळखू येईना, इतका खचलेला.

"तुम्ही गेलात, त्याच रात्रीपासून सुरू झालं," त्या म्हणाल्या. "आधी नुसती कुरकुर होती. वाटलं, मांजर असेल. पण आता..."

त्यांनी फोन जरा बाजूला धरला.

आणि त्यांच्या मागं, लांबून, मावशीला ऐकू आलं.

एक मूल रडत होतं.

मावशीनं रडणारी हजार पोरं पाहिलीत. भुकेचं रडणं वेगळं, दुखण्याचं वेगळं. हे त्यातलं नव्हतं. झोपेतून जाग यावी, आणि शेजारी कुणीच नसावं, तेव्हा पोर जसं टाहो फोडतं, तसं होतं ते. श्वास घेण्यापुरतं थांबायचं... की पुन्हा.

"दिवसरात्र चालतं हे," मिसेस हार्डिंग म्हणाल्या. "चर्चचे व्हिकर येऊन प्रार्थना करून गेले. माझे मिस्टर बहिणीकडे राहायला गेले. कॅन यू प्लीज... प्लीज सेंड हर बॅक?"

मावशीनं फोन ठेवून दिला.

पुढं काही दिवस तो वाजत राहायचा. ती उचलायची नाही. मग वाजणं बंद झालं.

काका अजून म्हणतात, आपण केलं ते योग्यच केलं. मावशी उठून दुसऱ्या खोलीत जाते. मागच्या वर्षी काकांना कुणाकडून तरी कळलं, की ते घर आता रिकामंच असतं, विकलं जात नाही.

का, ते काकांनी विचारलं नाही.