पाण्याची खरी खूण

"पाणी कुठवर आलं होतं?"

दारात उभ्या मुलाने विचारलं. हातात उंच मोजपट्टी, बुटांवर गाळ… आणि नजर अशी, की मी केसांना गुंडाळलेला टॉवेल सावरायचंच विसरले.

गोदावरीच्या पुराला चार महिने झाले होते. २००८चा तो पूर. आमच्या सायखेड्यात आता त्याच्या खुणा मोजत होते. त्यावरून पूररेषा ठरणार, रेषेतली घरं उठणार, काठावर पुन्हा करंज, उंबर लावणार – नदीला पसरायला जागा हवी म्हणून. दारात उभा होता तो ज्ञानेश, त्या कामावरचा इंजिनिअर.

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सकाळीच बजावलं होतं, "साधना, खिडकीखाली दाखव. घर वाचंल."

मी खिडकीखाली बोट ठेवलं.

"नक्की?"

"खोटं बोलतेय असं वाटतं?"

"नाही… पण बोट थरथरतंय तुमचं."

चार महिन्यांत पहिल्यांदा मला हसू आलं.

आठवडाभर तो शेजारची घरं मोजत होता. जाता-येता आमच्या झेंडूच्या वाफ्याशी रेंगाळायचा.

"एक फूल मिळेल?"

"कुणासाठी?"

"तिला अजून विचारलं नाही."

"मग विचारा. फुलं काय, सुकतात…"

शेवटच्या दिवशी मीच त्याला आत बोलावलं. खिडकीच्या वर, पार आढ्याजवळ हात नेला.

"इथवर होतं पाणी. आई ह्याच खोलीत गेली."

त्याने मोजपट्टी भिंतीला लावली.

"हे लिहिलं तर घर जाईल, साधना. म्हणालात तर खालचीच खूण ठेवतो."

"आणि पावसाळ्यात झोप लागेल तुम्हाला?"

त्याने मान हलवली. "नाही."

"मग लिहा."

अण्णांना कळलं. "आई गेली, आता घर बी घालवलंस," एवढंच म्हणाले. मग माझ्याशी बोलायचेच थांबले.

मे महिन्यात आम्ही घराचे पत्रे उतरवायला घेतले. न बोलावता ज्ञानेश आला, पत्र्याचं दुसरं टोक धरलं. अण्णा उठून मळ्यात निघून गेले.

"घर मी घालवलं. तुम्ही कशाला राबताय?" मी म्हटलं.

"खरं सांगताना पाहिलं ना तुम्हाला… तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. माझ्याशी लग्न कराल?"

हात पत्र्याने कापले होते, तोंडावर धूळ. मी "हो" म्हटलं आणि रडले.

लग्नाला अण्णा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्हीच त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. त्यांनी ज्ञानेशला बसायला खाट दिली. माझ्याकडे पाहिलं नाही. चहा निवून गेला.

मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मी पत्र्यावर व्हतो, ती खाली खोलीत. उचकटलेल्या पत्र्यातनं तिचा हात माझ्या हातात व्हता, पोरी. मला नाय धरून ठेवता आला."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांचा हात माझ्या केसांवर आला.

ज्ञानेश खाटेवरून उठला आणि आमच्याजवळ जमिनीवर येऊन बसला.