पाचवी पाटी

ही घडलेली गोष्ट आहे. त्या दिवशी बांधावर साठेक माणसं होती. त्यातली काही अजून हयात आहेत, पण विचारलं तर विषय बदलतात.

साल १९७६. अक्षयतृतीया.

रात्र नव्हती. भर दुपार होती, सावली पायाखाली आलेली.

जागा, पूर्णेच्या पात्रातलं बेट. हट्ट्याकडून होडीनं दहा मिनिटं. जुनी माणसं त्याला मळीचं, म्हणजे गाळाचं, बेट म्हणायची. श्रीमंती आली तसं ते सोनबेट झालं.

*

स्मरणिका, पान १
*१९४८ साली कै. उत्तमराव यांनी या ओसाड बेटावर पहिले पाऊल ठेवले. १९५५ ला ऑइल इंजिन आले. १९६१ ला पहिला स्लॅबचा बंगला उभा राहिला. १९६९ ला वीज आली. दुष्काळात सारा मुलूख करपला, पण सोनबेटाची हळद हिरवी राहिली. आज बेटावर एकोणीस बंगले व दोन ट्रॅक्टर आहेत.*

*

"ओसाड?" भागूबाई म्हणाली.

बेटाच्या टोकाला तिची झोपडी होती. हळद शिजवायची, उकरायची, दुसऱ्यांची. स्मरणिका तिला शाळामास्तरनं वाचून दाखवली होती.

"ओसाड बेटावर बांध कुणी घातला मग? माशांनी?"

बांध तिच्या माणसांनी घातला होता, निजामाच्या काळात. आधी तिथं नुसती वाळू होती. चार माणसांनी काठावरून गाळ आणला, पाटीपाटीनं, आठ वर्षं. बाप जळबा, आई जनकाबाई, दोन चुलते, ग्यानोबा आणि सटवाजी. बेट पिकायला लागलं तसा उत्तमरावांनी त्याचा पट्टा आपल्या नावावर करून घेतला, आणि ही माणसं आपल्याच मातीवर मजूर झाली.

मग ४६ चा पूर. बांध फुटायला आला. उत्तमरावांनी चौघांना सांगितलं, पाट्या टाकत राहा, होडी परत येतेय.

होडीत हळदीचं बेणं भरलं. बेण्याच्या पोत्यांत सहा वर्षांची भागू बसवली.

होडी परत गेली नाही.

*

आता बेटाला पंचवीस-तीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढली होती, शिळा बसवायची होती. बेट वसवणाऱ्यांची नावं कोरायची. भागूबाईचं मागणं एकच होतं, ती चार नावं शिळेवर पाहिजेत.

बेटावर एक रीत होती. दर अक्षयतृतीयेला घरातल्या प्रत्येक माणसानं बांधावर गाळाची एक पाटी टाकायची. बेटाच्या कमिटीचा कारकून नामाजी यादी वाचायचा. नाव आलं की माणूस पाटी ओतायचा आणि म्हणायचा, "आली." ज्याची पाटी पडली तो बेटाचा. ही रीत कुठून आली ते कुणी सांगत नसे.

त्या दुपारी यादी संपली. भागूबाई पुढं झाली.

"चार नावं ऱ्हायली, नामाजी."

नामाजीनं संपतरावांकडं पाहिलं. संपतराव उत्तमरावांचा मुलगा, कमिटीचा अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण लोकांसमोर हरायची सवय नव्हती.

"भागूबाई, रीत तुला ठाव हाय. ज्यानं पाटी टाकली त्याचंच नाव."

"टाकल्या की. आठ वर्सं टाकल्या."

"यंदा टाकल्या का?" लोक हसले तसा संपतरावांना जोर आला. "यंदा टाकू दे त्यास्नी. टाकल्या तर मी सोता नावं कोरून घेतो."

"समद्यांसमोर बोलून राहिलात, मालक."

"समद्यांसमोरच बोललो."

भागूबाईनं नामाजीच्या हातातली यादी घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती यादीकडंच बघत बोलली.

"ग्यानोबा."

हसणं चालूच होतं…

मग मळ्यातलं पाण्याचं इंजिन थांबलं. कुणी बंद केलं नव्हतं.

बगळे उडाले नाहीत, पण त्यांचा आवाज गेला. नदीचाही गेला. पाणी वाहताना दिसत होतं… ऐकू येत नव्हतं.

धप्प.

बांधाच्या टोकाला. ओला गाळ पडल्याचा आवाज.

तिथं कुणीच नव्हतं.

"सटवाजी," भागूबाई म्हणाली.

धप्प.

"जनकाबाई."

… धप्प.

"जळबा."

या वेळी उशीर लागला. एवढा की संपतरावांनी श्वास सोडला.

धप्प.

मे महिना. माती भाजलेली. आणि बांधावर चार ढीग, काळे, पाणी गळणारे. पुराचा वास मारणारे.

संपतरावांच्या कपाळावर घाम होता.

"कोरा," ते नामाजीला म्हणाले. "चारी कोरा."

भागूबाईनं यादी परत दिली. जिंकली होती ती. वळली.

तेवढ्यात… धप्प.

पाचवा. लहानसा. जसा लहान पाटीतून पडावा.

"ही कुणाची?" नामाजीनं विचारलं.

भागूबाईला माहीत नव्हतं.

*

ती भुताखेताला मानत नव्हती. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर. त्या रात्री शेजारीण लिंबू-मिरची घेऊन आली तर तिला परत धाडलं. "माझी माणसं हैत ती. त्यास्नी काहून बांधायचं?"

पण पाचवं कोण?

दुसऱ्या दिवशी ती हट्ट्याला पारुबाईकडं गेली. पुरात काठावर होडीतली पोती उतरवून घेणाऱ्यांत पारुबाई होती. आता डोळे गेले होते.

"जयभीम, बाई."

"जयभीम. कोन, भागू? बस. चहा पितीस?"

"होडीत माझ्यासंगं कुनी होतं का, बाई?"

पारुबाईनं चाचपडत चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

"दोन पोरी बशिवल्या व्हत्या. येक जळबाची भागू. दुसरी थावराची. तांड्यावरचा थावरा, नवरा-बायको पटकीत गेले. पोर जनकाबाईनं संभाळली. दोघी येकाच वयाच्या, येकाच लुगड्याचे झगे."

"मग?"

"येक पोतं उरत व्हतं. होडीवाल्यानंच सांगितलं मंग, येकीला तिथंच बेटावर उतरवलं."

"कुनाला?"

"ते म्या न्हाई पाह्यलं, बाई. म्या पाह्यली ती हिकडं काठाला आलेली. तापानं फणफणलेली. म्या इचारलं, तू जळबाची का गं? तिनं मान हलवली. ताप उतरला तवा तुला मागलं काईच आठवंना. तवापून तू भागू."

"थावराच्या पोरीचं नाव काय व्हतं?"

"नाव कुनी घेतच नव्हतं. थावराची पोर म्हनायचे."

चहा तसाच राहिला.

*

स्मरणिका, पान १ (दुरुस्ती, मास्तरच्या अक्षरात)
*बेट प्रथम जळबा, जनकाबाई, ग्यानोबा, सटवाजी यांनी वसविले. व*

*

वर्षभर शिळेवर चार नावं होती आणि खाली एक ओळ मोकळी.

गोष्ट बेटावर पसरलीच. १९७७ च्या अक्षयतृतीयेला संपतरावांनी तिला बाजूला घेतलं. हळूच बोलले, पण बोलले.

"पाचव्या पाटीला हाक मारून बगू नको, भागूबाई. तू जळबाची न्हाई निघालीस तर मंग तुजा हक्क काय ऱ्हायला? लोक म्हनतील, चारी नावं खोडा."

"म्हनू द्या."

"घर जाईल तुजं."

"झोपडीला घर म्हनला, तेवढं बरं केलं मालक."

यादी संपली. चार नावं झाली. चार वेळा धप्प झालं. या वेळी कुणी हसत नव्हतं, बायकांनी पोरं घरी ठेवली होती.

भागूबाई बांधावर एकटी पुढं गेली. आधी तिनं ते नाव घेतलं जे तिला वाचवणार होतं.

"थावराची पोर."

काही नाही.

"थावराची पोर," ती पुन्हा म्हणाली.

नदी गप्प. तिच्यापुढचा बांध कोरडा.

ती तशीच उभी राहिली. मागं फिरली असती तर कुणी काही बोललं नसतं. नामाजी सांगायचा, तिनं पदर खोचला, पाट्या वाहायला बाई खोचते तसा.

"भागू," ती म्हणाली.

…

धप्प.

तिच्या पायाशी. इतकं जवळ की पायावर गाळ उडाला. गाळ थंडगार होता.

मागं कुजबुज सुरू झाली. "न्हाई जळबाची." "लमाणाची व्हय?" "मंग आता?"

ती वळली. आपली पाटी उचलली आणि त्या लहान ढिगाशेजारी ओतली.

"आली," ती म्हणाली. "तिच्या जागी मी जगले. तिच्या बापाचं नाव मीच राखनार. कुनाला खोडायचं असंल त्यानं हितं यावं, पाचजनांसमोर खोडावं."

शिळेकडं कुणी गेलं नाही. संपतरावही नाहीत.

*

पाथरवट लालसिंग संध्याकाळी छिन्नी घेऊन आला.

"पाचवं काय कोरू?"

"भागू जळबा."

"अन् तुमचं नाव?"

"मी जित्ती हाय. माजी घाई न्हाई."

*

पुढं ती बेटावरच राहिली, वाकायला लागेपर्यंत. झोपडी कुणी हलवली नाही.

फक्त एक झालं.

कुणी "भागूबाई" अशी हाक मारली की ती लगेच ओ देत नसे. आधी बांधाकडं बघायची. थोडं थांबायची.

माणसांना वाटायचं, बाईला कमी ऐकू येतं.

पण तिच्याजवळ उभं राहिलेल्यांना ठाऊक आहे. ती का थांबायची ते.

कधी कधी… तिच्याआधी तिकडून ओ यायची.